सरळ झालेल्या पायाला बूट कशाला?

जन्मतः आत वळलेल्या पावलांच्या लेकरांवर उपचार चालू असताना साधारण दोन-तीन महिन्यांनी एक प्रश्न येतो. प्लास्टरं संपलेली असतात, पाऊल हातात घेतलं तर दुसऱ्या कुठल्याही बाळासारखं दिसतं आणि घरातलं कुणीतरी, बहुतेक वेळा आजी, विचारते, "पाय तर सरळ झाला, आता हे बूट कशाला?" या कामाजवळ इतकी वर्षं राहिल्यावर माझं मत असं झालं आहे की लेकरू पुढे कसं चालणार हे प्लास्टर घालणाऱ्या हातापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावर जास्त ठरतं. आपला सगळा हिशोब मात्र प्लास्टरापाशी थांबतो. किती बाळं सापडली, किती पाठवली, किती पाय सरळ झाले, एवढं कागदावर येतं. खरा उपचार त्यानंतर चार-साडेचार वर्षं रोज रात्री, कुठल्याशा गावातल्या एका खोलीत, डॉक्टरच्या नजरेआड चालतो. त्याचा रकाना कुठेच नसतो. मंगरूळपीरसारख्या तालुक्यात हे अंतर अधिक जाणवतं. हाडांच्या डॉक्टरसाठी इथून वाशिम नाहीतर अकोला गाठावं लागतं, आणि गावाला रेल्वे नसल्याने दोन्ही वाटा एसटीच्या.

आधी हे दुखणं, ज्याला डॉक्टर क्लबफूट म्हणतात, काय आहे ते पाहू. साधारण आठशे ते हजार जन्मांमागे एका बाळाचं एक पाऊल किंवा दोन्ही पावलं आत आणि खाली वळलेली असतात, टाच वर ओढलेली असते आणि तळवा आकाशाकडे बघतो. मुलींपेक्षा मुलांत हे प्रमाण दुप्पट असतं, आणि निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. बहुतेक बाळं बाकी सगळ्या बाबतींत ठणठणीत असतात. थोड्यांना पाठीच्या कण्याचा किंवा सांध्यांचा दुसरा विकार असतो, त्यांची गोष्ट वेगळी आणि अवघड. कारण अजून एका वाक्यात सांगता येत नाही, थोडा आनुवंशिकतेचा भाग आहे एवढं दिसतं. घरात मात्र कारण लगेच सापडतं: ग्रहणात बाईने विळीला हात लावला. अष्टावक्राच्या कथेत गर्भ वाकडा झाला तो बापाच्या शापाने, आपल्याकडे तेवढा भाग सोयीने विसरला जातो आणि दोष आईकडे येतो. नवसाबद्दल माझी तक्रार नाही. मंगरूळपिरात दादा हयात कलंदरांचा दर्गा आहे, बिरबलनाथ महाराजांचं मंदिर आहे, ज्याची जिथे श्रद्धा त्याने तिथे जावं. नवस बूट काढायला सांगत नाही, ग्रहणाची गोष्ट मात्र आईला गप्प बसवते, आणि पुढची चार वर्षं जिच्या भरवशावर जायची तिलाच गप्प बसवणं फार महाग पडतं.

तेलमालिशीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे, कारण तिच्या बाजूने पुरावा असतो. प्रत्येक गावात एखादी जाणती बाई असते जिने चोळून पाय सरळ केल्याचं लोक सांगतात, आणि ते खोटं नसतं. गर्भाशयात दाटीवाटीने राहिल्यामुळे काही बाळांची पावलं वळलेली दिसतात, पण ती मऊ असतात, बोटाने हलकेच ढकललं तर पूर्ण सरळ होतात. अशी पावलं काही केलं नाही तरी काही आठवड्यांत ठीक होतात, आणि मग चोळणाऱ्या हाताला यश मिळतं. खरा क्लबफूट ढकलून सरळ होत नाही, त्याच्या शिरा आणि सांध्यांचे बंध आखडलेले असतात. हा फरक आजीला पायावर बोट ठेवून दाखवता येतो आणि दाखवला की पटतो, असा माझा अनुभव आहे. "मालीश अंधश्रद्धा आहे" असं सांगितलं की मात्र ती ऐकणं बंद करते, आणि तिच्या दृष्टीने ते रास्तच असतं. तिने डोळ्यांनी बरे झालेले पाय पाहिलेले असतात.

प्लास्टराची पद्धत आज जगभर एकच मानली जाते. ती इग्नासिओ पॉन्सेटी या डॉक्टरांची. स्पेनच्या मिनोर्का बेटावर १९१४ साली जन्मलेले, यादवी युद्धात जखमींची हाडं बसवणारे आणि पुढे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात स्थिरावलेले. त्यांच्या आधीही डॉक्टर प्लास्टर घालत होते, पण पाऊल बाहेर वळवताना अंगठा चुकीच्या हाडावर टेकवत, त्यामुळे टाचेचं हाड अडकून बसे आणि महिनोन्‌महिने प्लास्टर घालूनही पाय अर्धवट राही. पॉन्सेटींनी घोट्याच्या आतल्या टॅलस या हाडाच्या डोक्यावर अंगठा ठेवून बाकीचं सगळं पाऊल त्याभोवती हळूहळू फिरवलं. दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं, जांघेपासून बोटांपर्यंत, गुडघा काटकोनात वाकवून, कारण गुडघ्याखालचं प्लास्टर बाळ लाथा झाडून खाली सरकवतं. साधारण पाच-सहा प्लास्टरं होतात. शेवटी टाचेमागची जाड शीर बहुतेक बाळांत आखडलेलीच राहते, ती जागेवर बधिरतेचं इंजेक्शन देऊन बारीकशा छेदातून कापतात आणि तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर घालतात. तेवढ्या काळात शीर लांब होऊन पुन्हा जुळते. "शीर कापणार" या शब्दांनी घरात रडारड होते, म्हणून ती जुळते हे कापण्याआधी सांगायचं असतं.

या टप्प्यावर लोक टिकतात, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. दर आठवड्याला एसटी, बाईला अर्ध्या तिकिटाची सवलत २०२३ पासून असली तरी सोबत येणाऱ्याचं पूर्ण तिकीट, दोघांची बुडालेली मजुरी, कडेवर प्लास्टराचं ओझं घेतलेलं बाळ, आणि तरीही बहुतेक जण येतात. पहिलं प्लास्टर तर धीर खचवणारंच असतं. पावलाच्या कमानीचा पीळ आधी सोडवायचा म्हणून ते पाऊल पहिल्यापेक्षा अधिकच वळल्यासारखं दिसतं. तरीही पुढच्या आठवड्यात माणसं हजर असतात, कारण आठवड्यागणिक पाऊल बदलताना दिसतं. डोळ्यांना दिसणाऱ्या सुधारणेसाठी आपला माणूस काय वाटेल ते सोसतो. बुटांच्या टप्प्यात डोळ्यांना दिसेल असं काहीच घडत नाही.

बूट म्हणजे दोन बूट आणि त्यांना जोडणारी खांद्याइतक्या रुंदीची दांडी. वळलेला पाय बाहेरच्या बाजूला साठ-सत्तर अंशांवर, दुसरा चांगला असेल तर तो तीस-चाळीसवर. पहिले तीन महिने दिवसातले तेवीस तास, आंघोळीपुरते काढायचे. त्यानंतर झोपेच्या वेळी, रात्र आणि दुपार धरून बारा-चौदा तास, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. पाऊल ज्या ओढीमुळे गर्भात वळलं ती ओढ जन्मानंतर लगेच थांबत नाही, बाळ झपाट्याने वाढतं त्या पहिल्या वर्षांत ती चालूच असते. आपली औषधाची समजूत तापावरून बनलेली आहे, ताप उतरला की गोळी बंद. इथे ताप उतरल्यावरच गोळी सुरू होते. हे एकदा बसून समजावण्याचं काम आहे आणि बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत ते दोन मिनिटांत उरकलं जातं. आकडे याबाबत निःसंदिग्ध आहेत. पॉन्सेटींच्याच दवाखान्यातला १५७ मुलांच्या २५६ पायांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या शस्त्रक्रियेविना ९८ टक्के पाय सरळ झाले होते. पाय परत वळण्याचा संबंध बाळाच्या वयाशी नव्हता, किती प्लास्टरं लागली त्याच्याशी नव्हता, संबंध होता तो बुटांशी. ज्या घरांनी बूट सांगितल्याप्रमाणे घातले नाहीत तिथे पाय परत वळण्याची शक्यता सतरा पट होती.

या आकड्यावरून लगेच निघणारा निष्कर्ष म्हणजे दोष आईबापांचा. तो मला मान्य नाही, आणि का ते नीट सांगायला हवं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आणखी एका अभ्यासात ५१ बाळं पाहिली गेली, आणि ज्यांच्या आईबापांचं शिक्षण शाळेपुरतंच होतं त्यांच्यात पाय परत वळण्याची शक्यता दहा पट आढळली. हे वाचून "अडाणी लोक बूट घालत नाहीत" असं म्हणणं सोपं आहे. पण आपल्याकडे अशाच लोकांनी प्लास्टरासाठी आठवड्यामागून आठवडा एसटीचे धक्के खाल्लेले असतात. तेव्हा ते शहाणे होते आणि दोन महिन्यांत निष्काळजी झाले, हे पटत नाही. मधल्या काळात काय बदलतं ते बघावं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. प्लास्टरं माहेरी असताना होतात, शीर कापतात तेव्हा सोबत बाळाची माहेरची आजी असते, बूट कसे बांधायचे तेही तिच्यासमोर शिकवलं जातं. मग बूट हातात आले की काही दिवसांत बाळ-बाळंतीण सासरी जातात. तिथे ज्यांनी एकही प्लास्टर पाहिलेलं नाही अशा घरासमोर सरळ पायाचं बाळ येतं आणि त्याच्या पायात बेडीसारखी दांडी असते. सासूच्या डोळ्यांना जे दिसतं त्यावरून तिचं म्हणणं चूक नाही. सून वयाने लहान, नवीन, आणि ग्रहणाचा ठपका तिच्यावर आधीच बसलेला. तिने घरातल्या सगळ्यांविरुद्ध रोज रात्री दांडी बांधावी, ही आपली अपेक्षा. म्हणून बूट देण्याच्या दिवशी सासरचं माणूस समोर असल्याशिवाय बूट देऊ नयेत, असं माझं मत आहे. एक फेरी वाढते, चालेल. बाप आला तर उत्तमच, बाप बांधतो त्या घरात बूट टिकतात.

उलट, ज्या गोष्टीवरून आरोग्य खात्यातली माणसं बायकांवर चिडतात ती तितकी महत्त्वाची नाही. सव्वा महिना बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नाही, म्हणून पहिलं प्लास्टर लांबतं. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरुवात झाली तर चांगलंच, पाऊल मऊ असतं. पण पाच आठवड्यांनी सुरू केल्याने पाय हातचा जात नाही. तिथे भांडून घर दुखवायचं आणि पुढच्या चार वर्षांसाठी त्याच घराची साथ मागायची, हा व्यवहार तोट्याचा आहे.

दुसरा आक्षेप शिकलेल्या घरांतून जास्त येतो. चार वर्षांची कटकट कशाला, एकदाच मोठं ऑपरेशन करून टाका. तसं करून पाहून झालेलं आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आखडलेले सगळे बंध कापून पाऊल एकाच बैठकीत सरळ करायची शस्त्रक्रिया जगभर चालली होती. पाऊल दिसायला छान सरळ होई. पुढे सांध्यांत व्रण भरून ते कडक होई, आणि तिशीपर्यंत बऱ्याच जणांना दुखरा, न वाकणारा पाय घेऊन जगावं लागे. याउलट पॉन्सेटींच्या पहिल्या बाळांना तीस वर्षांनी बोलावून तपासलं गेलं, तो अहवाल १९९५ चा. त्यांच्यातल्या ७८ टक्के लोकांचे पाय चांगले किंवा उत्तम ठरले. जन्मतःच सरळ पाय असलेल्या त्याच वयाच्या लोकांत हे प्रमाण ८५ टक्के होतं. इतकं करूनही ही पद्धत डॉक्टरांमध्ये पसरायला १९९० चं दशक उजाडलं, आणि पसरली तीही बरीचशी आईबापांनी एकमेकांना सांगून. वऱ्हाडातल्या घराला तर एका आठवड्याच्या भरतीपेक्षा रात्रीचे बूट परवडतात. शिवाय बूट स्वस्तात बनतात. मिकेल स्टीनबीक या डच कारागिराने युगांडात स्थानिक चांभारांना जमेल असे चामड्याचे बूट बनवले, आपल्याकडचे पुष्कळ बूट त्याच घडणीचे असतात. त्यांच्या टाचेला एक भोक असतं. त्यातून टाच खाली टेकलेली दिसली तर बूट बरोबर बसला, इतकी साधी परीक्षा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती येते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत माणुसकीचा आहे: लेकरू रात्रभर रडतं, बघवत नाही. इथे मी पूर्वीपेक्षा मवाळ झालो आहे. पहिल्या दोन-चार रात्री रडणं असतंच, दोन्ही पाय एकत्र हलवायचे असतात हे बाळाला कळलं की ते संपतं. दांडीला हात धरून पाय खालीवर करत खेळवलं तर लवकर संपतं. पण आठवडा उलटूनही रडत असेल, घोट्याला फोड आला असेल, पाय सारखा बुटातून निसटत असेल, तर बहुतेक वेळा चूक घराची नसते. पाऊल पुरतं सरळ होण्याआधीच प्लास्टर थांबवलेलं असतं किंवा बूट लहान झालेला असतो. अर्धवट वळलेला पाय साठ अंशांच्या बुटात बसवला तर तो टोचणारच. अशा वेळी "सवय होईल, घाला" हे उत्तर दिलं जातं आणि आई आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून बूट माळ्यावर टाकते. बूट फेकला गेला ही बातमी सहा महिन्यांनी कळते. फोड आला ही बातमी मात्र त्याच आठवड्यात कळू शकली असती, विचारणारं कुणी असतं तर.

विचारणारं कुणी आहे का? कागदावर आहे. आशाताई जन्मानंतर बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येते. त्यानंतर तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत पाच भेटी ठरलेल्या आहेत. २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, आणि त्यांच्या यादीतल्या जन्मजात व्यंगांत वाकडं पाऊल आहे. म्हणजे सापडण्याची सोय चांगली आहे. पण पंधराव्या महिन्यानंतर, जेव्हा लेकरू चालू लागतं, पळू लागतं आणि घराला वाटतं की आता काय राहिलं, तेव्हा सहा महिन्यांतून एकदा येणाऱ्या पथकाशिवाय कुणाचंही त्या पायाकडे लक्ष नसतं. सहा महिन्यांत लहानग्याचा बूट आखूड होतो आणि पाऊल परत वळू लागतं. तेही सोंगणीच्या दिवसांत, किंवा घर ऊसतोडीला नाहीतर पुण्याकडे कामाला गेल्यावर, जेव्हा वाशिम-अकोल्याची फेरी कुणाच्या डोक्यातही नसते.

महिन्यातून एकदा त्या लेकराला हातात घेणारी एकच बाई गावात असते, अंगणवाडी सेविका. ती वजन घेते, उंची मोजते, मोबाईलवर भरते. तिने त्याच वेळी बूट बघावेत, असं माझं म्हणणं आहे. यावर लगेच उत्तर येतं की तिच्यावर आधीच कामांचा ढीग आहे. हे खरंच आहे, आणि दर नव्या योजनेच्या वेळी ते विसरलं जातं. पण इथे आकडा मोजून पाहावा. २०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती, तालुके सहा, म्हणजे तालुक्याला सरासरी दोन लाख. तिथे वर्षाला तीनेक हजार जन्म धरले तर क्लबफूटची बाळं निघतात तीन-चार. पाच वर्षांचा उपचार धरला तर एका वेळी तालुक्यात बूट घालणारी लेकरं पंधरा-वीस. बहुतेक अंगणवाड्यांत एकही नसेल, ज्यांच्यात असेल त्यांच्यात एक. त्या सेविकेला विचारायचं काय? रात्री बूट घातला का, टाच भोकातून दिसते का, फोड आहे का, बोटं बुटाच्या टोकाबाहेर आली का. बोटं बाहेर आली असतील तर मोठ्या मापासाठी फोन. कुटुंब बाहेरगावी जाणार असेल तर पुढचं माप आधीच सोबत द्यायचं.

आणि ज्यांचा पाय तरीही परत वळतो, किंवा ज्यांना कुणी पाहिलंच नाही आणि जे पावलाच्या बाहेरच्या कडेवर, घट्टे पाडत, शाळेत येतात, त्यांना "आता उशीर झाला" हे सांगणं थांबवायला हवं. परत वळलेल्या पायाला पुन्हा दोन-तीन प्लास्टरं घालता येतात. अडीच-तीन वर्षांनंतर गरज पडली तर पावलाला आत ओढणारी एक शीर बाहेरच्या बाजूला बसवतात, तिने नंतर बुटांचं काम केल्यासारखं होतं. चालत्या मुलालाही प्लास्टराने बराच पाय सरळ करता येतो, प्लास्टरं जास्त लागतात आणि शाळा बुडते एवढंच. दोन लाखांच्या तालुक्यातली ही पंधरा-वीस नावं वहीच्या एका पानावर मावतात. ते पान ग्रामीण रुग्णालयात कुणाच्या टेबलावर असेल, एवढंच ठरवायचं राहिलं आहे.